आसनांचा कोटा आणि चिपीची धावपट्टी

शारजाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ तेलापासून नव्हे, तर विमान उतरवण्याच्या हक्काच्या करारापासून होतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इराणच्या किनाऱ्यावरून उडण्याची मुभा संपुष्टात आल्यावर इम्पीरियल एअरवेजला लंडन-भारत मार्गासाठी आखाताच्या अरबी बाजूस थांबा हवा होता. शारजाच्या शेखांनी तो देऊ केला, त्याचे भाडे रुपयांत ठरले आणि 5 ऑक्टोबर 1932 रोजी अल महाट्टा येथे पहिले विमान उतरले. हवाई हक्काला किंमत असते, हे या अमिरातीने फार लवकर ओळखले.

1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राची आपल्या आकाशावरील सत्ता मान्य केल्यामुळे कोणत्या देशाच्या विमानांनी आठवड्याला किती आसने न्यावीत आणि कोणत्या शहरांत उतरावे, हे दोन सरकारे द्विपक्षीय करारात ठरवतात; मान्य झालेल्या शहराला ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणतात. भारताने दुबई, अबुधाबी आणि शारजा यांच्याशी असे कोटे स्वतंत्रपणे ठरवले असून दुबईचा कोटा 2014 पासून आठवड्याला सुमारे 65 हजार आसनांवर थांबलेला आहे. भारतीय प्रवाशाला आपल्या तळावर उतरवून तेथून युरोप-अमेरिकेला नेणे, म्हणजे ‘सहावे स्वातंत्र्य’ वापरणे, हा आखाती कंपन्यांचा मोठा धंदा आहे, आणि त्यातून भारतीय कंपन्यांचे नुकसान होते ही दिल्लीची भीती अनाठायी नाही. परंतु शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात राबणारा देवगड-कणकवलीचा कामगार पुढे कोठेही जाणार नसतो. वर्षा-दोन वर्षांनी मिळालेल्या सुट्टीत तो मुंबईला उतरतो, खोके दोरीने पुन्हा आवळतो आणि कोकण रेल्वेचे तिकीट न मिळाल्यास रात्रीची खासगी बस धरतो. दुबईच्या बड्या तळासाठी बांधलेला बांध त्याच्याही वाटेत येतो, हा या धोरणाचा खरा दोष आहे.

विदर्भाचे नशीब त्या मानाने बरे, कारण एअर अरेबियाने नागपूर-शारजा थेट सेवा चालवली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे मात्र तसे नाही. 9 ऑक्टोबर 2021 रोजी उद्घाटन झालेल्या या विमानतळाची धावपट्टी 2500 मीटरची, म्हणजे एअर अरेबियाच्या एअरबस ए-320 ला पुरेशी आहे. उणीव आहे ती सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि कागदावरील हक्काची. देशांतर्गत ‘उडान’ योजनेत मार्गाची तूट सरकार भरून देते, पण तीनच वर्षे, आणि ती मुदत सरताच 2024 मध्ये मुंबई-चिपी सेवा बंद पडली. कण्णूरलाही परदेशी कंपन्यांना उतरू दिलेले नाही. फरक एवढाच की केरळचे खासदार त्यासाठी संसदेत भांडत राहिले. महाराष्ट्राच्या खासदारांना आखातातले मतदार बहुधा दिसत नसावेत.

राज्याने तूट सोसल्यास परदेशी मार्ग सुरू करण्याची सोय ‘आंतरराष्ट्रीय उडान’मध्ये आहे, आणि आसामने 2019 मध्ये गुवाहाटी-ढाका सेवेसाठी ती वापरलीही. तेव्हा जिल्हा विमानतळांची आसने मुख्य कोट्याबाहेर धरावीत, ती केवळ थेट प्रवाशांना द्यावीत, आणि आरंभी गणपती, दिवाळी व मे महिन्यापुरते अधिकारी चिपीला पाठवावेत, एवढी मागणी फार मोठी नाही. एरवीच्या महिन्यांत विमाने अर्धी रिकामी जातील आणि त्याचे पैसे मुंबईच्या तिजोरीतून द्यावे लागतील, हेही मागणाऱ्यांनी आधीच मान्य करून ठेवावे.