साथीच्या यादीत मनोरुग्णालयाचा परिचर कुठे आहे?

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात कुणाला तीव्र मानसिक आजार झाला आणि दाखल करण्याची वेळ आली, तर सरकारी व्यवस्थेतली वाट बहुतेक वेळा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे जाते. जुन्नरहून हे अंतर नव्वदेक किलोमीटर. देवऋषी, दर्गा, खासगी दवाखाना असे सगळे करून थकलेली कुटुंबे शेवटी तिथे पोहोचतात. कोविड आला तेव्हा राज्यात अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये होती: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. एकट्या येरवड्याची क्षमता २५४० खाटांची. त्यामुळे तिथला परिचर सुरक्षित आहे का, हा प्रश्न आपल्या गावांचाही आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजी पीपीई कुणी, कुठे, किती वापरावे याच्या सूचना काढल्या. १ मे रोजी कोविडेतर विभागांसाठी पुरवणी सूचना आल्या. विभाग कोणता, यावरून धोका ठरवायचा, ही त्यांची पद्धत. तुटवड्याच्या काळात अशी वर्गवारी गरजेची होती. पण साध्या वॉर्डातला रुग्ण आपल्या खाटेवर असतो, मास्क लावतो, अंतर पाळतो, हे तिच्यात गृहीत धरलेले असते.

मनोरुग्णालयात हे गृहीतक टिकत नाही. रुग्ण वॉर्डभर फिरतात, एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. काहींना आजाराच्या भरात मास्क सहन होत नाही. अस्वस्थ रुग्णाला सावरताना दोन-तीन परिचरांना त्याला अंगाशी धरावे लागते. अंघोळ घालणे, भरवणे, औषध गिळले की नाही हे तोंडात पाहणे, ही कामे सहा फुटांवरून होत नाहीत. विद्युत उपचारांच्या वेळी रुग्णाला मास्क-बॅगने श्वास द्यावा लागतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

हे नुसते तर्क नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या चोंगदो इथल्या देनाम रुग्णालयाच्या बंदिस्त मनोरुग्ण वॉर्डात शंभराच्या आसपास रुग्ण होते. जवळजवळ सगळ्यांना लागण झाली. त्या देशातला कोविडचा पहिला मृत्यू याच वॉर्डातला. जग सावध व्हायला तेवढे पुरेसे होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण आमच्या क्षेत्रातला एक साधा नियम इथे लागू पडतो: परवानगी पदनाव पाहून देऊ नये, प्रत्यक्ष काम पाहून द्यावी. संरक्षणाचेही तसेच हवे. दाराबाहेर 'कोविड' अशी पाटी आहे का, यापेक्षा माणूस रुग्णाच्या किती जवळ जातो हे मोजायला हवे. मग कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकही यादीत आपोआप येतात.

कोणी म्हणेल, साहित्य कमी असताना आधी कोविड रुग्णालयांना द्यायला नको का? जरूर द्यावे. पण रुग्णाला अंगाशी धरणाऱ्याला त्यानंतर लगेच द्यावे, सर्वांत शेवटी नव्हे. बंद दाराआड संसर्ग तोच घेऊन जाऊ शकतो आणि रुग्ण तिथून उठून घरी जाऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २१ सांगते की आरोग्यसेवा देताना मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागवावे. कर्मचाऱ्याचे संरक्षण या समानतेचाच भाग आहे.

साहित्यही तिथल्या कामाला साजेसे हवे. लांब नाड्या आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाच्या हाती पडू नयेत. अल्कोहोलचे सॅनिटायझर कुणी पिऊ नये म्हणून ते कर्मचाऱ्याच्या खिशात राहावे आणि वॉर्डात साबण-पाणी असावे. पांढऱ्या पोशाखात झाकलेला माणूस भ्रम असलेल्या रुग्णाला भीतिदायक वाटतो, म्हणून छातीवर नाव आणि हसरा फोटो लावावा. हे शिकवायला अर्धा दिवस पुरेल.

पुढची साथ कधी येईल, माहीत नाही. पण राज्याच्या साथ-आराखड्यात मनोरुग्णालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आणि राखीव साठा असावा, ही मागणी आपण आजच आमदारांकडे आणि जिल्हा परिषदेकडे करू शकतो. आपला माणूस त्या दारातून आत जातो, तेव्हा त्याचा हात धरणारा परिचरच असतो. तो हात सुरक्षित ठेवणे ही आपलीही जबाबदारी आहे.