पडद्याआडील कामकरी

ताथवडें हें पूर्वीं शेतीचें गांव. आज शेजारींच हिंजवडीच्या संगणक-कंपन्या आहेत व येथील कित्येक पालक तेथें नोकरी करतात. मध्यरात्रीं दूरध्वनि वाजावा आणि "सर्व्हर मंदावला" एवढेंच कानीं यावें, हें अशा घरांतील मुलांस नवें नाहीं. अशा वेळीं काय करावें याविषयीं आमचें मत येथें मांडतों.

माहितीचा सांठा संभाळणाऱ्या सर्व्हरवर अनेक कामें पडद्याआड चालतात. अशा कामकऱ्यांस 'डीमन' म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत हें नांव रूढ झालें. तें भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यानें कल्पिलेल्या, रेणूंची निवड करणाऱ्या जीवावरून घेतलें आहे. यांपैकीं एखादें काम बेफाम झालें, कीं बाकीच्यांस तिष्ठत बसावें लागतें.

पुष्कळांचा उपाय ठरलेला असतो: जें काम अधिक धडपडतांना दिसेल तें मारावें, नाहींतर सर्व्हरच बंद करून पुन्हां सुरू करावा. आमच्या मतें हा निव्वळ उतावळेपणा होय. 'पोस्टग्रेस' या प्रसिद्ध डेटाबेसचें उदाहरण घ्या. त्यांत 'ऑटोव्हॅक्यूम' नांवाचा झाडूवाला बदललेल्या व पुसलेल्या नोंदींचा केर काढतो. परंतु कोणी व्यवहार उघडून तो पुरा न करितां स्वस्थ बसला, तर त्यानंतरचा केर हालवितां येत नाहीं, आणि झाडूवाला व्यर्थ फेऱ्या मारीत राहतो. पाहणारास दोषी दिसतो तो झाडूवाला. खरा दोषी तो स्वस्थ बसलेला! आणि झाडूवाल्यास कायमचें घालविलें तर? व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असल्यामुळें सुमारें दोन अब्ज व्यवहारांच्या आंत जुन्या नोंदी 'गोठवाव्या' लागतात. न गोठविल्यास डेटाबेस नवें लेखन नाकारतो. २०१९ च्या फेब्रुवारींत मेलचिंप कंपनीची 'मँड्रिल' ही ई-टपालसेवा याच कारणानें विस्कळीत झाली होती.

म्हणून प्रथम 'टॉप' या आज्ञेनें कोणतें काम किती प्रोसेसर खातें तें पाहावें. मग 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या यादींत तें कोणाचें, केव्हांपासूनचें व कशासाठीं अडलेलें, हें वाचून टिपून ठेवावें. नंतर तेवढी मागणी रद्द करण्याची सौम्य आज्ञा द्यावी. न ऐकल्यास ती जोडणी तोडावी. 'किल उणे नऊ' हा घाव मात्र घालूं नये. एका कामकऱ्यावर तो पडतांच पोस्टग्रेस सर्वांच्याच जोडण्या तोडून स्वतःची डागडुजी करूं लागतो.

कोणी म्हणेल, ग्राहक खोळंबले असतां चौकशीस वेळ कोठें? त्यास आमचें उत्तर असें: पांच मिनिटांचें टिपण न करितां सर्व्हर पुन्हां सुरू केला, तर त्या वेळचा पुरावा पुसला जातो, आणि उद्यां रात्रीं तोच दूरध्वनि पुन्हां वाजतो.

विद्यार्थीमित्रहो, आज्ञा पाठ करणें सोपें आहे. शिक्षेपूर्वीं चौकशी करण्याची संवय कठीण. ती शाळेंतच लागावी. वर्गांत काय किंवा घरांत काय, ज्याची धडपड दिसते तोच दर वेळीं अपराधी नसतो, हें पालकांनींही ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे.