दार एक, रांगा वेगळ्या

निकाल लागला की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच वाक्य ऐकू येतं, "साइट ओपनच होत नाहीये यार!" मग कुणी रिफ्रेशवर रिफ्रेश मारतो, कुणी मोबाइल घेऊन गच्चीवर जातो, कुणी गावाकडच्या मित्राला सीट नंबर पाठवून "तू बघ ना" म्हणतो. दोन-चार तासांनी साइट सुरू होते आणि "काय करणार, लोडच एवढा होता!" असं म्हणून आपण मोकळे होतो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच की हे वाक्य इतर कुणीही म्हणावं, पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी म्हणू नये.

निकालाची गर्दी म्हणजे काही अवकाळी पाऊस नव्हे. निकाल कधी लावायचा ते साइट चालवणारेच ठरवतात, किती मुलं परीक्षेला बसली तेही त्यांना माहीत असतं. आणि निकाल दोन तास उशिरा दिसला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, तो काही पळून जात नाही. चीड वेगळ्याच गोष्टीची येते. त्याच सर्व्हरवर परीक्षेचा फॉर्म आणि फी भरायचं पानही असतं! गेल्या सेमिस्टरला एका वर्षाचा निकाल आणि दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मची शेवटची तारीख नेमके एकाच दिवशी आले. निकाल बघणाऱ्यांच्या गर्दीत फीचं पान गुदमरलं आणि आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांना लेट फी भरावी लागली. ज्याला घरून मोजून पैसे येतात, त्याच्यासाठी लेट फी म्हणजे मेसच्या बिलातून काढलेले पैसे. चूक कुणाची आणि दंड कुणाला?

खरं तर यावरचा उपाय पत्त्यातच लिहिलेला असतो. वेबसाइटच्या पत्त्यात आधी डोमेनचं नाव येतं आणि स्लॅशनंतर पाथ. '/रिझल्ट' म्हणजे निकाल, '/एक्झाम/फी' म्हणजे फी. म्हणजे आलेला माणूस कशासाठी आलाय हे तो दारातच सांगतो. एसटी स्टँडवर पासची रांग आणि आरक्षणाची रांग वेगळी असते, कारण पासवाल्यांची गर्दी झाली म्हणून आरक्षणवाल्याची गाडी चुकू नये. हीच अक्कल वेबसाइटच्या दाराशी बसवणं म्हणजे पाथ बघून राउटिंग करणं.

दाराशी बसणाऱ्याचं नाव लोड बॅलन्सर. पेपरसाठी घोकलेले ओएसआयचे सात लेअर आठवा. चौथ्या लेअरवरचा लोड बॅलन्सर फक्त आयपी आणि पोर्ट बघतो. पाकिटात काय आहे याची त्याला फिकीर नाही. सातव्या लेअरवरचा पाकीट उघडून पाथ वाचतो. एचटीटीपीएसमध्ये पाथसुद्धा एन्क्रिप्ट झालेला असतो, म्हणून सर्टिफिकेट लोड बॅलन्सरकडेच द्यावं लागतं. एनजिनएक्स आणि एचएप्रॉक्सी हे काम आधीपासून करत होते. अमेझॉनने ऑगस्ट २०१६ मध्ये अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर आणला आणि त्यांच्या क्लाउडवर हे काम चार ओळींच्या नियमांवर आलं. '/रिझल्ट/*' आलं तर सर्व्हरच्या या गटाकडे, '/एक्झाम/फी/*' आलं तर त्या गटाकडे, बाकी सगळं डिफॉल्ट गटाकडे. निकालाच्या दिवशी फक्त निकालाच्या गटात सर्व्हर वाढवायचे. फीच्या गटाला हातही लावायचा नाही.

ऐकायला सोपं आहे, पण खाचाखोचा आहेत. अमेझॉनकडे नियमांना क्रमांक असतात आणि लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. '/एक्झाम/*' ला १० आणि '/एक्झाम/फी/*' ला २० क्रमांक दिलात, तर दुसऱ्या नियमाची पाळी कधीच येणार नाही! गूगल क्लाउडच्या साध्या पाथ नियमांत मात्र क्रम कसाही असो, सर्वांत लांब जुळणारा पाथ जिंकतो. म्हणजे एकीकडचे नियम जसेच्या तसे दुसरीकडे नेले तर फसगत ठरलेली. पुन्हा अमेझॉनच्या पाथमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. '/रिझल्ट/*' या नियमात शेवटच्या स्लॅशशिवायचं नुसतं '/रिझल्ट' बसत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. ही प्रकरणं लेक्चरमध्ये कळत नाहीत, हात घातल्यावरच कळतात.

आता खरा मुद्दा. नुसत्या रांगा वेगळ्या करून भागत नाही. समोर चार खिडक्या आणि आत फाइल शोधणारे काका एकच, असं असेल तर चारही रांगा तुंबणारच. आपल्या बहुतेक प्रोजेक्टच्या डायग्राममध्ये हेच असतं. वर रंगीत चौकोन, 'मायक्रोसर्व्हिस' असं झोकदार नाव, आणि सगळे बाण खाली एकाच डेटाबेसमध्ये! निकाल बघणारे हजारो जण त्या डेटाबेसला भिडले की फीचा वेगळा सर्व्हर उभा असून नसल्यासारखा. निकाल एकदा जाहीर झाला की सहसा बदलत नाही. मग प्रत्येकासाठी डेटाबेसला त्रास कशाला? पानं आधीच बनवून ठेवा, कॅशमधून द्या. फीचं तसं नाही, तिथे प्रत्येक व्यवहार नवा, म्हणून डेटाबेस तिच्यासाठी मोकळा राहायला हवा. लॉगिनचंही तेच. दोन्ही रांगा आधी एकाच लॉगिन सर्व्हरसमोर उभ्या राहणार असतील, तर पुढे वेगळ्या करून उपयोग शून्य.

कुणी म्हणेल, एवढा खर्च कोण करणार? मान्य, क्लाउडचं बिल येतंच. पण सर्व्हर गर्दीपुरते भाड्याने घेऊन नंतर सोडता येतात, क्लाउडचा फायदाच तो आहे. आणि आज खर्च होत नाही असं थोडंच आहे? तो लेट फीच्या रूपाने विद्यार्थी करतोय, एवढंच.

म्हणून दोन विनंत्या. साइट चालवणाऱ्यांना ही, की ज्या पानावर शेवटची तारीख आणि दंड आहे, त्याला आधी स्वतंत्र रांग द्या, बाकीचं सावकाश करा. आणि आपल्या सर-मॅडमना ही, की प्रोजेक्टच्या व्हायव्हात डायग्राम बघून मार्क देऊ नका. निकालाचे सगळे सर्व्हर बंद करायला सांगा आणि फीचं पान उघडतंय का ते बघा. मग निकालाचे सर्व्हर सुरू करून त्यांच्यावर भरपूर लोड टाका आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा उघडलं तर पैकीच्या पैकी. नाहीतर रांग एकच होती, पाट्या तेवढ्या दोन लावल्या होत्या.