अंग दुखतंय तरी पळायचं?

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या तालुक्याच्या ग्राउंडवर पहाटे पाचलाच गर्दी होते. चांगलंच आहे. पण तिथं एक वाक्य रोज कानावर पडतं: "अंग दुखतंय? अजून दोन राऊंड मार, मोकळं होईल." मित्रांनो, हे सरसकट खरं नाही.

सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं 24 ते 72 तासांत सर्वाधिक असतं. ताकद वाढते ती ही इजा भरून निघताना, म्हणजे विश्रांतीत आणि झोपेत. हलकं दुखत असेल तर चाला, सावकाश पळा. पण एकाच जागी कळ, सूज किंवा गडद तपकिरी लघवी दिसली तर थेट डॉक्टर गाठा. गोळी खाऊन पळू नका.

मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात मुलांना 1600 मीटरचे 20. एका सुट्टीने ते जात नाहीत. हाडाला चीर पडली तर अख्खी भरती जाते.

अकादमीवाल्यांनी आठवड्याला एक सुट्टी द्यावीच. आणि सरकारनेही मैदानीच्या तारखा वेळेत जाहीर कराव्यात. ऐनवेळी तारीख आली की पोरं तीन महिन्यांचा सराव तीन आठवड्यांत उरकायला बघतात. पाय त्यांचेच मोडतात.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.