निकाल आहे, निकालपत्र नाही

'स्वदेस'मधला मोहन भार्गव रेल्वेच्या डब्यात खिडकीशी बसला आहे. फलाटावर एक पोरगा पंचवीस पैशांना पाणी विकत फिरतो आहे. तोवर बाटलीबंद पाण्याशिवाय घोट न घेणारा हा 'नासा'तला माणूस त्या पोराकडून मातीचा पेला घेतो आणि तोंडाला लावतो. भाषण नाही, टाळीचे वाक्य नाही. शाहरुख खान यांच्या कारकिर्दीतले उत्तम काम दाखवा म्हटले तर जाणकार अजूनही या दृश्याकडे बोट दाखवतात. २००४ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'स्वदेस'ला छायालेखनाचा आणि पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले ते 'हम तुम'साठी सैफ अली खान. शाहरुख यांना हा मान मिळायला १ ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. चित्रपट 'जवान' आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोण, तर 'स्वदेस'चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. या योगायोगात नियमभंग कुठेही नाही. पण तेहतीस वर्षांच्या नायकपदाची थकबाकी एकरकमी चुकती झाल्यासारखे अनेकांना वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

'जवान'मध्ये शाहरुख यांनी बाप आणि मुलगा अशा दोन भूमिका झोकात केल्या, गर्दी खेचली, मजा आणली. पण त्याच पुरस्काराचा दुसरा वाटा 'ट्वेल्थ फेल'च्या विक्रांत मॅसी यांना मिळाला आणि घोटाळा तिथे होतो. पुढे महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी झालेल्या मनोजकुमार शर्मांची ती गोष्ट. पिठाच्या गिरणीत राबणारा, अंगभर पिठाने माखलेला, रात्री तिथेच पुस्तक उघडून बसणारा तो मुलगा मॅसी यांनी ज्या आवाजात आणि ज्या खांद्यांनी उभा केला, त्यात नट कुठे दिसतच नाही. ही दोन कामे एकाच तागडीत समसमान भरली ती कोणत्या वजनांनी? मते फुटून बरोबरी झाली, की एकाला कलेसाठी आणि दुसऱ्याला कारकिर्दीसाठी अशी तडजोड झाली? पुरस्कार 'विभागून' देण्याची सोय या बाबतीत फार कामाची आहे. १९९८ च्या चित्रपटांसाठी तो जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधल्या मामुट्टी आणि 'जख्म'मधल्या अजय देवगण यांच्यात विभागला गेला. २०१२ च्या चित्रपटांसाठी 'अनुमती'चे विक्रम गोखले आणि 'पान सिंग तोमर'चे इरफान खान यांच्यात. यातली कोणती बरोबरी खरी आणि कोणती मांडवलीची, हे प्रेक्षकाला आजवर कोणी सांगितलेले नाही.

२०२५ च्या त्याच घोषणेत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार 'द केरला स्टोरी'चे सुदीप्तो सेन यांना मिळाला आणि छायालेखनाचाही याच चित्रपटाला. केरळमधल्या ३२ हजार मुलींचा आकडा मिरवत ज्या चित्रपटाची जाहिरात सुरू झाली आणि त्या आकड्याला अधिकृत आधार नाही असा खुलासा दाखवायला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ज्याच्या निर्मात्यांना सांगितले, तो हा चित्रपट. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी या निवडीचा निषेध केला. त्याला राजकारण म्हणून बाजूला सारता आले असते. पण परीक्षक मंडळातले केरळचे सदस्य प्रदीप नायर यांनीही आपण आतमध्ये या निवडीला हरकत घेतली होती, असे नंतर माध्यमांना सांगितले. म्हणजे मतभेद होता. तो बैठकीत मांडला गेला, फेटाळला गेला आणि देशाला कळला तो मुलाखतीतून. आमच्या मते दिग्दर्शनाचा हा पुरस्कार चुकीचा आहे. भडक संवाद, एकसुरी पात्रे आणि प्रत्येक प्रसंगाआधीच ठरलेला निष्कर्ष यांना उत्तम दिग्दर्शन म्हणावे, असे त्या चित्रपटात काही आढळत नाही. पण ज्यांनी तो दिला त्यांना काय आढळले, हे वाचायला मिळाले असते तर वाद तरी नीट घालता आला असता.

उर्वशी यांचा प्रश्न याहून अडचणीचा आहे, कारण त्यात राजकारण अजिबात नाही. 'उल्लोळुक्कु' या मल्याळम चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो साहाय्यक अभिनेत्रीचा. पार्वती तिरुवोत्तु यांच्याबरोबर त्या या चित्रपटाचा निम्मा भार वाहतात. एकाच घरात पुराच्या पाण्याने कोंडलेल्या सासू आणि सुनेची ती गोष्ट. दोघींपैकी एकीला काढले तर चित्रपटच उरत नाही. केरळ राज्याच्या परीक्षकांनी त्याच भूमिकेसाठी उर्वशी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले होते. दिल्लीत ती भूमिका साहाय्यक कशी झाली? मुख्य आणि साहाय्यक यातली रेघ कोण आणि कशाच्या आधारे ओढते, अभिनेत्रीचे वय वाढले की ती आपोआप दुय्यम होते का, असे त्यांनी उघडपणे विचारले. पुरस्कार मिळालेल्या कलावंताने निमूटपणे हार गळ्यात घालून घ्यावा, हा आपल्याकडचा संकेत त्यांनी मोडला, हे उत्तम झाले. याच वेळी 'आडुजीवितम'ला राष्ट्रीय पातळीवर एकही पुरस्कार मिळाला नाही. केरळने त्याला नऊ दिले होते. दोन परीक्षक मंडळांची मते वेगळी असणे स्वाभाविक. नऊ आणि शून्य यांच्यातले अंतर मात्र दोन शब्दांत तरी समजावून सांगण्याजोगे आहे.

इथे मराठी वाचकालाही थोडे आरशासमोर उभे करायला हवे. २०१६ च्या चित्रपटांसाठी 'रुस्तम'मधल्या अक्षय कुमार यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवले गेले तेव्हा आपल्याकडे टिंगलीला ऊत आला होता. अध्यक्ष प्रियदर्शन, त्यांनीच अक्षय कुमार यांना घेऊन 'हेराफेरी'पासून कितीतरी चित्रपट केलेले. मग काय, वशिला! पुढे प्रियदर्शन यांनी हा गौरव 'एअरलिफ्ट' आणि 'रुस्तम' या दोन्हींसाठी असून नियमामुळे एकाचेच नाव घालावे लागल्याचे सांगितले, तेव्हा तर हसे अधिकच झाले. पण त्याच टेबलाभोवती बसलेल्या त्याच माणसांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला सुवर्णकमळ दिले, 'व्हेंटिलेटर'च्या राजेश मापुसकरांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवले आणि 'दशक्रिया'तल्या मनोज जोशींना साहाय्यक अभिनेता. तेव्हा गुणवत्तेचा विजय म्हणून आपण पेढे वाटले. आपले जिंकले की पारख आणि दुसऱ्याचे जिंकले की पंक्तिप्रपंच, असा हा सोयीचा न्याय.

तो जुनाच आहे. १९५३ च्या चित्रपटांसाठी देशात पहिल्यांदा शासकीय पुरस्कार दिले गेले आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. सात दशके आपण ते अभिमानाने सांगत आलो आहोत आणि सांगावेही. त्या वर्षी 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, हे मात्र क्वचित सांगतो. बिमल रॉय यांचा तो चित्रपट पुढे कान महोत्सवात गौरवला गेला आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला. साने गुरुजींच्या आईचे पारडे शंभू महतोच्या रिक्षापेक्षा जड का ठरले, हे एखाद्या बंगाली समीक्षकाने विचारले तर आपल्यापाशी उत्तर काय? उत्तर असूही शकेल. वनमालाबाईंची ती आई आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पण ते उत्तर आपले असेल, परीक्षकांचे नव्हे. आणि राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेल्या पदकामागचे कारण प्रत्येकाने आपापल्या मनाने रचावे, हे काही बरोबर नाही. सुजय डहाके यांच्या नव्या 'श्यामची आई'ला २०२५ मध्ये जाहीर झालेल्या याच ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरवले गेले, तेव्हाही हीच गत.

परीक्षकांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून चर्चा गुप्त ठेवली जाते, कलेला फूटपट्टी लावता येत नाही, हे बचाव ठरलेले आहेत. पहिल्यात तथ्य आहे. कोण काय बोलले हे उघड करा, असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्यात मात्र आळस अधिक आहे. फूटपट्टी नसली तरी मत असते, आणि मताला कारण असते. कारण सांगितले गेले तर काय होते, याचा एक मासला अलीकडचाच आहे. २०२४ मध्ये भारताकडून ऑस्करसाठी पाठवायच्या चित्रपटाची निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने केली. कानमध्ये ग्रां प्री पटकावलेला पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' मागे पडला आणि 'लापता लेडीज'ची निवड झाली. निवडीच्या पत्रकात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचे अजब मिश्रण आहे, अशा अर्थाचे वाक्य होते. कपाडियांचा चित्रपट भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटतो, असेही फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. मुंबईच्या रुग्णालयातल्या परिचारिका, पुनर्विकासात घर गमावून रत्नागिरीकडच्या गावी परतणारी पार्वती, आणि म्हणे युरोपीय! ती पार्वती साकारणाऱ्या छाया कदम 'लापता लेडीज'मध्येही फलाटावर चहाभजी विकतात, हा आणखी गमतीचा भाग. त्या दोन वाक्यांचा देशभर समाचार घेतला गेला आणि तो घेतला जाणे हाच फायदा होता. निवड करणाऱ्यांची समज किती, हे कागदावर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली असती तर तेही कळले नसते.

राष्ट्रीय पुरस्कारांची रचना कागदावर वाईट नाही. श्याम बेनेगल यांच्या समितीच्या शिफारशीनंतर दोन टप्प्यांची पद्धत आली. आधी प्रादेशिक परीक्षक मंडळे चित्रपट चाळतात, मग केंद्रीय मंडळ अंतिम निवड करते. शर्यतीत उतरलेल्या चित्रपटाशी संबंध असलेल्या माणसाला परीक्षक होता येत नाही. पण चाळणीतून वर काय आले, हे बाहेर कुणाला ठाऊक नसते. नामांकने नाहीत. थेट विजेते, ज्यांच्या निर्णयावर अपील नाही आणि पत्रव्यवहारही नाही. आपल्या राज्य पुरस्कारांवर टीका करायला जागा पुष्कळ आहे, वर्षानुवर्षे रेंगाळणारे सोहळे तर विचारूच नका, पण तिथे अंतिम निकालाआधी नामांकने तरी जाहीर होतात. कोण कोणाला हरवून जिंकले, हे प्रेक्षकाला कळते. १९४१ च्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करमध्ये 'सिटिझन केन' 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'कडून हरला, यावर आजही वाद घालता येतो, कारण त्या वर्षी रिंगणात कोण होते हे सर्वांना ठाऊक आहे. शाहरुख आणि मॅसी यांच्याबरोबर अंतिम यादीत तिसरे, चौथे नाव कोणाचे होते? 'आडुजीवितम'चे पृथ्वीराज तिथवर पोहोचले होते का? विचारायचे कुणाला?

खासगी वाहिन्यांचे सोहळे सोडून द्या. तिथे येणाऱ्या ताऱ्याला बाहुली मिळते आणि न येणाऱ्याला मिळत नाही, हे चित्रपटसृष्टीतल्या स्पॉटबॉयलाही माहीत असते. सरकारी पुरस्काराची गोष्ट वेगळी. तो करदात्याच्या पैशातून दिला जातो, राष्ट्रपतींच्या हातून दिला जातो आणि त्याचे मोल लहान भाषांतल्या, लहान पैशांतल्या चित्रपटांना सर्वांत जास्त. २३ सप्टेंबर २०२५ रोजी विज्ञान भवनात 'नाळ २'मधली चिमुरडी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यासमोर गेली तेव्हा अख्खे सभागृह टाळ्या वाजवत होते. 'आत्मपॅम्फ्लेट'च्या आशिष बेंडे यांना पदार्पणातल्या दिग्दर्शनासाठी गौरवले गेले. ज्या चित्रपटाला मुंबई-पुण्यात चार खेळ मिळवतानाही घाम फुटतो, त्याच्या पोस्टरवर ते कमळ लागते तेव्हा वितरक निदान फोन तरी उचलतो. त्याच यादीत शेजारी एक संशयास्पद निवड बसली की त्या कमळाचा भाव सर्वांसाठीच उतरतो, आणि त्याची झळ शाहरुख खान यांना लागत नाही, बेंडे यांना लागते.

म्हणून पुरस्कार परत घ्या, मंडळ बरखास्त करा, असल्या मागण्यांत अर्थ नाही. प्रत्येक विभागात अंतिम फेरीत आलेली नावे, निवडीची चार-सहा वाक्यांत कारणे, मतभेद असल्यास असहमत सदस्याचे म्हणणे नावाविना, आणि मुख्य-साहाय्यक असा विभाग बदलला असेल तर तो का, इतके निकालाबरोबर छापले तरी पुष्कळ झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अल्पमतातले निकालपत्रही लिहून जाहीर करतात आणि त्याने न्यायालयाची अब्रू जात नाही. या पुरस्कारांची नियमावली माहिती व प्रसारण मंत्रालय दर वर्षी नव्याने काढतेच. त्यात एक कलम वाढवायला संसदेत जावे लागत नाही.