मालक ‘हो’ म्हणाला, म्हणून बंदूक उचलावी का?



या महिन्याच्या टपालात एका भगिनीचे पत्र आहे. तिच्या घरच्यांनी दोन एकर पेरूची बाग वर्षाच्या खंडाने घेतली आहे. अर्धा खंड आगाऊ दिला, उरलेला माल निघाल्यावर द्यायचा आहे. फळ पिकायला लागले आणि पोपटांचे थवे उतरू लागले. पोपट एकच फळ पुरते खात नाही. चार चोची मारतो आणि दुसऱ्या फळावर जातो, म्हणून त्याचे पोट लहान असले तरी तोटा मोठा होतो. धाकट्या दिराने एअरगन आणायची ठरवली आहे. बागेचा मालक शहरात राहतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “बाग तुमच्या ताब्यात आहे, मारा की!” भगिनी विचारते, एवढी परवानगी पुरे आहे का?

आमचे उत्तर असे की एवढी परवानगी पुरत नाही. मालकाकडे जे आहे तेच तो देऊ शकतो. जमीन त्याची, झाडे त्याची, पण झाडावर येऊन बसणारा रानपक्षी त्याचा नाही. तेव्हा त्या पक्ष्याला मारण्याची परवानगी मालक देऊच शकत नाही, मग ती तोंडी असो वा स्टॅम्पपेपरवर.

ही परवानगी कोणाकडे आहे? आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायद्याच्या पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीत ज्या प्राण्या-पक्ष्यांची नावे आहेत त्यांची शिकार करायला कलम ९ ने बंदी आहे. आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत येतो, मोर पहिल्या. ‘शिकार’ या शब्दाचा अर्थही कायद्याने रुंद ठेवला आहे. मारणे, जखमी करणे, पकडणे, फासे लावणे, विष घालणे, अंडी किंवा घरटे मोडणे, इतकेच काय, यातले काही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच मोडते. नेम चुकला म्हणून सुटका नाही.

शिक्षाही हलकी नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला जीव असेल तर कैद तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाते. शिवाय वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होऊ शकते. दोन पेटी पेरू वाचवायला गेलेला मुलगा कोर्टाच्या तारखा मोजत बसला, तर ते नुकसान कुठल्या हंगामात भरून निघेल?

पिकाचे नुकसान होत असेल तर कायद्यात काही वाट आहे का? आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ खाली, कारणे नमूद करून, लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत असे परवाने दिले गेले आहेत. त्यासाठी आपल्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जावे लागते. पण पोपटासाठी असा परवाना मिळेल या भरवशावर बागेचे गणित मांडू नये. मोराच्या बाबतीत तर पिकाचे नुकसान हे कारण चालतच नाही.

कावळ्याबद्दल अजूनही जुनी समजूत ऐकू येते. पूर्वी कायद्यात पाचवी अनुसूची होती. उपद्रवी मानलेल्या जिवांच्या त्या यादीत उंदीर, घुशी आणि वटवाघळांबरोबर कावळाही होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती यादीच उरलेली नाही. म्हणून “कावळ्याला कोण विचारतो?” हे बोलणे आता सोडून द्यावे. कोणता पक्षी आज कुठल्या अनुसूचीत आहे, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता हत्याराविषयी. ठराविक ताकदीपर्यंतच्या साध्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरे. त्यावरून लोकांचा समज होतो की तिने काहीही मारले तरी चालते. बाळगण्याची मुभा आणि मारण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणातल्या आपल्या भावांकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक असते. तिचा परवाना ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात ती शोभते. मालकाने बागेबरोबर बंदूकही खंडकऱ्याच्या स्वाधीन केली तर परवान्यावर नाव नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक, हा शस्त्र कायद्याखाली वेगळाच गुन्हा होतो, आणि त्यात मालकही अडकतो. आणखी एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. एअरगनचा छर्रा पानांतून पार जातो. शेजारच्या बांधावर कोणी गवत कापत असेल, कोणाचे पोर पेरू वेचत असेल. डोळा गेला तर तो कुठल्याच भरपाईने परत येत नाही.

हल्ली मुले मोबाइलवर इंग्लंडचे व्हिडिओ पाहतात. तिकडे शेतावर एअरगनने रानकबुतरे टिपणारी माणसे दिसतात आणि मुलांना वाटते, इथेही तसेच. तिथला कायदा निराळा आहे. इंग्लंडमध्ये पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी सरकार काही ठराविक पक्ष्यांपुरता सर्वसाधारण परवाना काढते. त्याखाली जमिनीचा मालक, ती कसणारा, किंवा त्यांनी अधिकार दिलेला माणूस अटी पाळून तसे करू शकतो. म्हणजे तिथेही आधी सरकारचा परवाना आणि मग जमीनवाल्याची संमती. नुसत्या मालकाच्या होकारावर तिथेही भागत नाही.

काही भाऊ म्हणतील, हदीसमध्ये तर कावळा आणि घार मारायला मुभा आहे. आहे. त्रास देणाऱ्या पाच जिवांत त्यांची गणना आली आहे. पण मुभा म्हणजे हुकूम नव्हे, आणि त्या पाचांत पोपट नाही, चिमणी नाही. दुसऱ्या बाजूला, विनाकारण चिमणी मारणाऱ्याला त्याबद्दल जाब द्यावा लागेल, अशी ताकीद आली आहे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. आणि मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तर ते त्याच्या खात्यात सदका म्हणून लिहिले जाते, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याचा अर्थ बाग पोपटांना सोडून द्यावी असा नाही. कर्ज काढून खंड भरलेल्या माणसाला पीक राखण्याचा पुरा हक्क आहे. राखण्याची रीत मात्र जायज हवी.

ती रीत बागवानांना ठाऊक आहे. फळ लिंबाएवढे झाले की त्याला फोमची जाळी आणि पिशवी चढवावी. मजुरी लागते, पण माशीपासूनही फळ वाचते आणि बाजारात भाव बरा मिळतो. झाडांवर पक्षीरोधक जाळे टाकायचे तर ते जाड दोऱ्याचे आणि ताणून बांधलेले असावे. बारीक नायलॉनचे सैल जाळे टाकले तर पक्षी अडकून मरतात, आणि आपण पुन्हा त्याच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. चमकणाऱ्या फिती, बुजगावणे, डबा वाजवणे यांचा उपयोग होतो, पण पाखरे हुशार असतात. जागा आणि प्रकार दर काही दिवसांनी बदलावा. पोपटांचा जोर सकाळी आणि दुपार उतरल्यावर असतो. तेवढ्या वेळेला राखणीला एक माणूस असला तर अर्धे काम होते.

मालकाची परवानगी लागते ती इथे. जाळ्यासाठी खांब रोवायचे, फांद्या छाटायच्या, तारा ओढायच्या तर त्याला विचारलेच पाहिजे. भाड्याची वस्तू आपल्या हाती अमानत असते. ठरले त्यापेक्षा वेगळा वापर करायचा तर आधी बोलावे आणि लिहून घ्यावे. खंडाच्या कागदात चार ओळी वाढवा. जाळ्याचा खर्च कोणाचा, हंगाम संपल्यावर जाळे आणि खांब कोणाचे, पाखरांनी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल खाल्ला तर खंडात सूट किती, आणि बागेत बंदूक कोणीही चालवणार नाही. करार आधीच झाला असेल तर मालकाला साध्या शब्दांत पत्र किंवा व्हॉट्सअॅप संदेश पाठवून त्याचा लेखी होकार जपून ठेवा. मोठे नुकसान झाले तर फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना लेखी कळवून पंचनामा मागा. सातबारा मालकाच्या नावावर असतो, म्हणून अर्जासोबत त्याचे संमतीपत्र जोडा.

शहरात भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. खिडकीवर कबुतरे घाण करतात, घरात दमेकरी माणूस असतो, त्रास खरा असतो. तरी गॅलरीतून छर्रे मारणे हा त्यावर उपाय नाही. घरमालकाला लेखी कळवा, सोसायटीची संमती घ्या आणि जाळी बसवा. बसवण्याआधी आत घरटे आहे का ते पाहा. पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. विष्ठा झाडताना नाकातोंडाला फडके बांधा आणि आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही.

भगिनीने दिराला एअरगनचे पैसे पिशव्यांवर खर्च करायला सांगावे आणि मालकाला आजच संदेश धाडावा. खंडाची पुढची बोलणी ज्यांची या हंगामात व्हायची आहेत, त्यांनी वरच्या चार ओळी सही करण्याआधी कागदावर आणाव्यात. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.