शुद्ध जात आणि शुद्ध हौस

मे महिन्यात सुरतला भाच्याकडे जाण्याचा योग आला. दार उघडलं तर समोर निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा सायबेरियन हस्की! बाहेर अंग भाजणारं ऊन आणि हा बापडा एसीखाली फरशीला पोट लावून धापा टाकतोय. "मामा, एकदम प्युअर आहे. सर्टिफिकेटसकट!" भाचा कौतुकाने म्हणाला. मी हसलो खरा, पण मन काही हसेना.

मलाही कुत्र्यांचं वेड आहे. आमचं घर कुत्र्यावाचून असं कधी राहिलंच नाही. म्हणून सांगतो, सर्टिफिकेट फक्त आईबाप कोण ते सांगतं, तब्येत कशी ते सांगत नाही. हस्की बर्फावर मैलोन् मैल गाडी ओढण्यासाठी घडलेला. त्याच्या अंगावर दुहेरी केसांचा कोट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. सुरतच्या दमट उकाड्यात त्याने करावं काय? 2003 साली हचच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी पग आले. बसक्या नाकामुळे त्यांना श्वास घेणंही जड जातं, हे कौतुकाच्या भरात कोणी पाहिलं नाही.

आता आपल्याकडे बघा. बेळगावच्या पलीकडे, बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिथल्या शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यांनी जोडी भेट दिल्याचं सांगतात. महाराष्ट्रात त्यालाच कारवान म्हणतात. निमुळतं तोंड, खोल छाती, लांब पाय, अंगावर आखूड केस. धनगरांच्या वाड्यावर भाकरी खाऊन तो उन्हातान्हात राखण करत आला. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, आणि 2016 साली त्याची पिल्लं सैन्याच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेली.

पण म्हणून उद्या प्रत्येकाने फ्लॅटमध्ये मुधोळ बांधावा का? मुळीच नाही! तो धावण्यासाठी जन्मलेला. मैदान नसेल तर त्याचाही तुरुंगच. फॅशन परदेशी असो की स्वदेशी, भोगतं ते मुकं जनावरच.

पैदास करणाऱ्यांसाठी 2017 सालचे केंद्राचे नियम आहेत. कुत्रीची वर्षाला एकच वेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण नियमांहून मोठा असतो घेणारा. पिल्लाची आई कुठे, कशी ठेवली आहे, हे त्याने आधी बघावं. आईला दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून परत फिरावं.

निघताना भाच्याला एवढंच म्हणालो, "बाबा, आता आणलायस तर त्याला पहाटे फिरव, दुपारी सांभाळ. आणि पुढचा कुत्रा आणशील तेव्हा आधी स्वतःचं अंगण बघ, मग त्याची जात बघ."

तुम्हाला काय वाटतं, मंडळी?